मयत इसमाने स्वतःचे मेडल चोरल्याबाबत

जबाब देणार: नागोजी येसाजी मोहिते. वय ३६ वर्षे. धंदा: दाजीबानपेठेत शंकरशेट यांच्या कापडदुकानी गजाने माप करणे, व वर्षातून एक महिना सरकारी पलटणीत शिपाई. राहणार: दुर्गदबैलामागील बोळ, हुबळी. हयात किंवा कसे: हयात.

ता. ६ फेब्रुवारी १९३५, बुधवार, दुपारी चार वाजता, बाजार चौकी.

मी वर लिहिलेला इसम फौजदार साहेबांसमोर उभा राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी मयत नाही. हे आधी लिहून घ्यावे. आज सकाळी माझी आई नामे गोदावरी, वय सुमारे ६५, हिने या चौकीत तोंडी फिर्याद दिली की, "माझा मयत मुलगा नागोजी याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यातून चोरीस जात असता शेजाऱ्यांनी चोरास जागेवर धरले." धरलेला चोर मी आहे. मयतही मीच आहे. टाक म्हणून जे लिहिले आहे ते माझे मेडल आहे. चौकीत आणल्यावर फौजदार साहेबांनी फिर्याद वाचली, माझ्याकडे पाहिले व कानडीत "एनप्पा, नी सत्तीयो इल्लो?" म्हणजे मी मेलो आहे की नाही, असे विचारले. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग सगळे पहिल्यापासून सांग. त्यावरून सांगतो.

माझी पलटण बारमाही नाही. वर्षातून एक महिना बेळगावास छावणी पडते, तेवढ्यापुरते आम्ही शिपाई. उरलेले अकरा महिने जो तो आपल्या पोटाच्या धंद्यात. यावरून बाजारात मला हंगामी शिपाई म्हणतात. शंकरशेट तर गिऱ्हाइकांसमोर म्हणतात की नागोजी लढाईवर नक्की जाईल, फक्त लढाई जानेवारीत पडली पाहिजे. सन १९२२ पासून मी एकही छावणी चुकवलेली नाही. एका साली अंगात ताप घेऊन गेलो. एका साली माझे स्वतःचे लग्न छावणीच्या तारखांत आले, ते मी पुढे ढकलले. याबद्दल बायको आजही बोलते. बारा वर्षे अशी बिनचूक भरली म्हणजे सरकार मेडल देते. मला ते मंजूर झाले.

मेडलचे वर्णन विचारल्यावरून सांगतो की, ते चांदीचे, लंबगोल, हिरव्या फितीचे असून फितीला पिवळ्या कडा आहेत. एका बाजूस बादशहांचा चेहरा आहे. कडेला माझा नंबर व नाव इंग्रजीत कोरले आहे. सध्या बादशहांच्या कपाळावर हळद व नाकावर कुंकू आहे, ते आदराने लावलेले असून त्यात सरकारचा अपमान करण्याचा कोणाचाही हेतू नाही.

आमच्यात घरचे कोणी वारले की त्याच्या नावाने टाक करतात. टाक म्हणजे चेहरा उठवलेला चांदीचा लहान पत्रा. तो देव्हाऱ्यात देवांच्या रांगेत बसवून सणावारी नैवेद्य दाखवतात. माझा थोरला भाऊ सटवाजी बारमाही पलटणीत होता. तो सन १९१७ साली बसऱ्याकडे मयत झाला. त्याबद्दल मला अधिक काही सांगायचे नाही. लढाई संपल्यावर सरकारने त्याच्या नावाचा काशाचा वाटोळा तुकडा, ताटलीएवढा, टपालाने घरी पाठवला. देव्हाऱ्याच्या रांगेत तो मावत नाही, म्हणून आईने तो देवांच्या पाठीमागे उभा केला आहे. रोज पहिले फूल त्याला पडते, देवांना नंतर.

यंदा ता. १ जानेवारीस मी छावणीला गेलो. मेडल तिथेच छातीवर लावतील असा माझा समज होता, परंतु ते टपालाने परस्पर घरी गेले. ता. १७ रोजी आईने पार्सल उघडले. चांदी होती, चेहरा होता, कडेला अक्षरे होती. बोळाच्या तोंडाशी राहणारे पेन्शनर मास्तर बाळाचार्य यांना तिने बोलावून घेतले. त्यांनी चष्मा लावून नाव वाचले.

आईने विचारले, "त्येचंच नाव कोरलंय नव्हं, मास्तर?"

मास्तर म्हणाले, "होय, अगदी स्वच्छ कोरलंय."

एवढेच बोलणे झाले. सोबत एक कागदही होता, व मास्तर तो वाचून दाखवणार होते. परंतु तोवर रडारड सुरू झाली, आणि अशा वेळी इंग्रजी वाचणे बरे दिसत नाही असे वाटून त्यांनी तो कोटाच्या खिशात घातला. हा कागद, म्हणजे मेडल मंजूर झाल्याचे सरकारी पत्र, ता. ३१ ला कोट धुवायला टाकताना सापडला.

माझी बायको यमुना हिने त्याच दिवशी हरकत घेतली होती, हे मी तिच्या बाजूने नमूद करतो. चेहऱ्याला दाढी आहे, यांना दाढी नाही, असे ती म्हणाली. आई म्हणाली, छावणीत न्हावी कुठला. यमुना म्हणाली, डोक्यावर मुकुट आहे. आई म्हणाली, गेलेल्या माणसाला काढताना चार गोष्टी वाढवूनच काढतात. ता. २१ रोजी माझे कार्ड आले. त्यात मी खुशाल असून शेंगाची चटणी पाठवावी असे होते, व वर ता. १९ घातली होती. यमुनेने ते कार्ड सगळ्या बोळाला दाखवले. आईने कार्ड हातात घेऊन सांगितले की सटवाजीची दोन पत्रे तो गेल्याची तार आल्यानंतर आली होती, आणि दुसऱ्या पत्रात लोणचे पाठव असे होते. सटवाजीला ते लोणचे पाठवले होते की नाही हे मला ठाऊक नाही. मी कधी विचारले नाही.

मला दोन मुलीच असल्याने माझे दिवस माझा चुलतभाऊ बाबू याने केले. बाबू नाटकात सरदाराचे काम करतो. त्याची मिशी तीन वर्षांची होती. ती गेली. तो तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही, व भेटला की मी जिवंत असल्याचे वाईट वाटल्यासारखा ओठावरून हात फिरवतो.

दहावा दिवस ता. २६ ला झाला. खालील हकीकत मला बाबूने नाइलाजाने सांगितली. तळ्याच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मयताची काही इच्छा उरली असली म्हणजे कावळा शिवत नाही, हे फौजदार साहेबांना ठाऊक आहे. माझ्या मते तो शिवत नव्हता कारण मी त्या वेळी बेळगावात कवायत करत होतो. परंतु काठावरच्या मंडळींना हे सुचले नाही, व ज्याने त्याने आठवून आठवून वचने दिली. यमुनेचे व मुलींचे बघू, असे बाबू म्हणाला. कावळा शिवला नाही. त्याचे बूट कोणाला देणार नाही, असे आई म्हणाली. तरी शिवला नाही. शंकरशेट पुढे होऊन म्हणाले की, नागोजी, तुझ्या छावणीच्या रजेवरून मी पुन्हा कधी कुरकुर करणार नाही. तरीही नाही. हे वचन मला उद्देशून, चारचौघांत दिलेले आहे, व ते माझ्या जिवंतपणीही लागू आहे असे माझे म्हणणे आहे. शंकरशेट ते मानत नाहीत. सगळ्यांचे घसे कोरडे पडल्यावर आई म्हणाली, "बाबा, तुझा टाक देव्हाऱ्यात सटवाजीच्या शेजारी बसवते. मी हाय तोवर हलवणार न्हाई." कावळा शिवला. माझ्या मते तोपर्यंत त्याला भूक लागली होती.

ता. २९ ला छावणी सुटली व मी सकाळच्या गाडीने हुबळीस उतरलो. माझी ट्रंक हमालाच्या डोक्यावर होती. हमाल माझ्या तीन पावले पुढे चालत होता. पलटणीत सामान नेहमी मागे ठेवतात. इथे मी ते पुढे जाऊ दिले, ही माझी चूक मी कबूल करतो. ती चूक ठरण्याचे कारण असे की, नवऱ्याची ट्रंक घरी आल्याशिवाय मी बांगड्या फोडणार नाही, असे यमुनेने पहिल्या दिवशीच सर्वांना बजावले होते. सटवाजीची ट्रंक आली होती, म्हणून. बोळातल्या बायका तिला बारा दिवस नावे ठेवत होत्या. मला यातले काहीच माहीत नव्हते.

घरासमोर मांडव होता. मला वाटले कोणाचे बारसे असेल. हमाल आत शिरला व त्याने ट्रंक उतरवली. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात माझे नाव आहे. मी दारात पोचलो तेव्हा यमुनेने खलातला बत्ता उचललेला होता. डाव्या हातातल्या दोन बांगड्या फुटल्या होत्या. तिसरीच्या वेळी तिने मला पाहिले. तिने बत्ता माझ्या दिशेने फेकला, तो हमालास लागला. त्यानंतर ती खाली बसली व बराच वेळ उठली नाही. मी तिच्याजवळ बसलो. अंगावर सरकारी पोशाख असताना असे जमिनीवर बसू नये असा नियम आहे, तो मी मोडला. त्याच दुपारी कासारास घरी बोलावून दोन्ही हात भरून बांगड्या चढवल्या.

पंगतीत चौदा पाने मांडली होती. आठ माणसे उठून पळाली. शंकरशेट उठले नाहीत. ते म्हणाले की अर्धे पान टाकून उठणे अशुभ आहे, आणि जेवत राहिले. आई चुलीपाशी होती, ती बाहेर आली. तिने दोन्ही हातांनी माझे तोंड चाचपले, कान ओढून पाहिले. मग ती आत गेली आणि मेडलला कुंकू लावून आली. बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाली, "बघितलासा? टाक पावला." मलाही पान वाढले. माझ्या तेराव्याचे जेवण मी जेवलो. गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, चांगली झाली होती.

खरा प्रश्न पुढे आला. येत्या रविवारी, ता. १० रोजी धारवाडास मैदानावर आमची परेड आहे. मोठे साहेब येणार आहेत व ज्यांना मेडले मिळाली त्यांनी ती लावून पुढच्या रांगेत उभे राहावे असा छापील हुकूम आहे. यादीत माझे नाव चौथे आहे. बारा वर्षांत मला कोणी कशासाठी पुढच्या रांगेत बोलावलेले नाही. मी दुकानात दुसऱ्यांच्या लग्नाचे कापड मोजतो आणि छावणीत मागच्या रांगेत उभा राहतो. ही एक गोष्ट माझ्या नावाची आहे, आणि मला ती छातीवर हवी आहे. हे सांगायला मी लाजत नाही.

मी आईकडे मेडल मागितले. ती म्हणाली की कावळ्याला दिलेला शब्द मोडता येत नाही. मी म्हणालो, तो शब्द मयताला दिलेला होता, मयत तुझ्यासमोर बसून मागतो आहे. ती म्हणाली, मयताला काय कळतंय. मी लग्नातला पितळी तांब्या बदली देऊ केला. त्यावरही माझे नाव कोरलेले आहे. ती म्हणाली, सरकारने कोरलेलं ते कोरलेलं, कासाराने कोरलेलं ते भांडं. मास्तर बाळाचार्य आपला अपराध म्हणून दोनदा येऊन तिला सापडलेला कागद वाचून दाखवून गेले. तिने त्यांना ताक दिले. देव्हाऱ्याला तिने कुलूप घातले व किल्ली कमरेला लावली.

आज सकाळी सात वाजता आई न्हाणीत असता किल्ली खुंटीवर दिसली. मी पूर्ण पोशाख चढवला होता, कारण मेडल कसे दिसते हे एकदा आरशात बघावे असा विचार होता. देव्हारा उघडून हात घातला. घाईत कोपर लागून सटवाजीचा काशाचा तुकडा खाली पडला. त्याचा मोठा आवाज झाला. आई ओल्या लुगड्यानिशी आली व "चोर, चोर" म्हणून ओरडली. बोळातली सहा माणसे आली. त्यांनी मला धरले तेव्हा मी ताठ, टाचा जुळवून, हातात मेडल घेऊन उभा होतो. पळून जाण्याचा प्रयत्न केला नाही. आईने मेडल माझ्या हातातून काढून घेतले, पदराला गाठ मारून बांधले आणि माझ्या पुढे चालत इथे आली. सटवाजीचा तुकडा फुटला नाही. मी निघण्यापूर्वी तो पुसून जागेवर ठेवला.

फौजदार साहेबांनी आईला सांगितले की, "अक्का, मेडल ह्याचं आहे, ह्याला देऊन टाका. पोरगा जिवंत आहे की समोर."

आई म्हणाली, "जिवंत हाय म्हणूनच देईना झाले, साहेब. थोरल्याचं नाव कोरून आलं, थोरला आला न्हाई. ह्येचं नाव कोरून आलं, मी आत ठेवलं, ह्यो आला. आता काढून ह्येच्या छातीवर लावा म्हणता. लावलं आन् ह्यो गेला, तर मागनं सरकार काय धाडणार? माझ्या देव्हाऱ्यात जागा न्हाई आता."

फौजदार साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. सटवाजी गेल्यापासून अठरा वर्षांत आई त्याच्याबद्दल एवढे बोललेली मी ऐकली नव्हती. घरात ती फक्त फूल वाहते.

मग फौजदार साहेब म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या वेळी कावळा दिवस कलेपर्यंत शिवला नव्हता, त्यामुळे हा प्राणी त्यांना चांगला ठाऊक आहे. ज्याला शब्द दिला त्याच्याकडूनच तो सोडवून घ्यावा. कोर्टाचे हे काम नाही. आईने विचार केला व हे कबूल केले. एका शिपायाने आपल्या डब्यातला भात दिला. चौकीच्या मागे लिंबाचे झाड आहे, त्याखाली पान मांडले. घरून यमुनेस बोलावले. तिने येताना बाबूलाही आणले. वेळ दुपारी सव्वाबाराची.

कावळा आला व चौकीच्या भिंतीवर बसला. तो तळ्यावरचाच कावळा होता की नाही यावर आई व बाबू यांच्यात थोडा वाद झाला. आईने हात जोडून सांगितले की रविवारी मेडल नेतो, परत आणतो, तेवढी मोकळीक दे. कावळा शिवला नाही. मेडलबरोबर जाता-येता एक शिपाई देतो, असे फौजदार साहेब म्हणाले. शिवला नाही. घरी आल्यावर मेडल दुधाने धुवून घेऊ, असे यमुना म्हणाली. बाबू म्हणाला की मी पुन्हा मिशी काढणार नाही. त्याला कोणी विचारले नव्हते. असा पाऊण तास गेला. चौकीतली इतर कामे थांबली होती व दोन फिर्यादी बाहेर येऊन आमच्यामागे उभे होते.

फौजदार साहेब मला म्हणाले, "तू बोल की. इच्छा तुझी आहे." मी पोशाखात होतो. मी एक पाऊल पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो की मेडल रविवारी संध्याकाळी देव्हाऱ्यात परत येईल. कावळ्याने मान वळवली, पण तो उतरला नाही. मी आईकडे पाहिले. ती कावळ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तेव्हा मी म्हणालो की मेडलबरोबर मीही परत येईन.

कावळा खाली उतरला व भाताला शिवला. आईने पदराची गाठ सोडली.

सबब माझी किंवा आईची कोणाविरुद्ध काही तक्रार उरलेली नाही. मेडल मला मिळाले. ते रविवारपुरते आहे, पुढे त्याची जागा सटवाजीच्या शेजारी, हे मला मान्य आहे. फिर्याद वहीत चढली असल्याने तिच्यापुढे काहीतरी लिहिणे भाग आहे असे फौजदार साहेब म्हणाले, म्हणून हा जबाब दिला.

वरील मजकूर मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. बाकावर बसून आईनेही ऐकला. मी सांगितल्याप्रमाणे तो बरोबर आहे. आईने एक दुरुस्ती सांगितली, की "संध्याकाळी" असे मोघम लिहू नये, "दिवे लागायच्या आत" असे लिहावे. तो बदल मला मंजूर आहे. तसेच तिच्या सांगण्यावरून सकाळच्या फिर्यादीतला "मयत" हा शब्द खोडला आहे. खोडलेल्या जागेवर तिने स्वतः अंगठा उठवला, आणि शाई वाळेपर्यंत वही कोणाला मिटू दिली नाही.

सही: नागोजी येसाजी मोहिते
समक्ष: फौजदार, बाजार चौकी, हुबळी